मिस्त्रींच्या घरचा किनवा

सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. नवा भाडेकरू आला आणि त्याच्या भिंतीला ओल आली की तो यांचंच दार वाजवायचा, आणि यांना दर वेळी सांगावं लागायचं, "गवंडी नव्हे हो मी. पावाच्या भट्टीवरचा मिस्त्री." मग आतून बायको म्हणायची, "तरी एकदा भिंत बघून या. मळायचंच तर आहे, पीठ काय नि सिमेंट काय."

बायको अशी होती. शिंप्यांच्या दुकानांतून तिच्याकडे शर्टांचे गठ्ठे यायचे. खिडकीशी बसून ती काजं करायची, बटणं लावायची आणि बोलता बोलता दातांनी दोरा तोडायची. मिस्त्री पहाटे जायचे आणि दुपारी यायचे ते कागदात गुंडाळलेला गरम पाव घेऊनच. लग्न झाल्यापासून यात खंड नव्हता. तिचं दुपारचं जेवण म्हणजे तो पाव आणि सोबत असेल ते. "भट्टीवाल्याशी लग्न केलं, निदान पाव तरी शिळा मिळत नाही," असं ती बहिणीला सांगायची.

पण ती कधी धडधाकट नव्हती. पोट सारखं बिघडायचं. अंगात रक्त राहायचं नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सगळं मध्येच संपलं. कोणा डॉक्टरनं जंतांचं औषध दिलं, कोणी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, एकानं सांगितलं की फार मनाला लावून घेत जाऊ नका. नातेवाइकांनी 'नाजूक आहे' असा शिक्का मारला आणि तीही तो हसून मिरवू लागली. पन्नाशी उलटली तेव्हा मात्र तिच्या बोटातली शिवणाची टोपी आपोआप गळून पडायला लागली. धाकटी बहीण हात धरून तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मिस्त्री मागून गेले.

पोटाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. मग दोघांना समोर बसवून म्हणाले, "गव्हामुळे होतंय हे सगळं. गव्हात जो चिकटपणा असतो ना, तो यांच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झडून गेलंय. खाल्लेलं अंगी लागणार कुठून?"

मिस्त्रींनी नुसती मान हलवली. तो चिकटपणा त्यांना डॉक्टरांपेक्षा जवळून ठाऊक होता. जन्मभर त्यांनी तोच तर वाढवला होता. मळून, आपटून, ताणून, कणीक रबरासारखी लांबेपर्यंत.

"आयुष्यभर पाळावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पाव, बिस्किटं, रवा, मैदा, सगळं बंद. कणभरसुद्धा चालणार नाही." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

"नाही," ती म्हणाली. "दोनदा राहिलं होतं."

"हं. त्यालाही हेच कारण असू शकतं. नक्की नाही सांगता येत."

बसमध्ये दोघं शेजारी बसून घरी आली. ती खिडकीबाहेर बघत होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं?" मिस्त्रींनी काही विचारलं नव्हतं. 

बायकोची साखरही वाढलेली होती, म्हणून भातावर लगाम होता, आणि भाकरी तिच्या पोटाला जड जायची. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी किनवा सुचवला. यात गव्हाचा अंश नाही, बळ भरपूर आहे, रक्तालाही चांगला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "किनवा. नाव ऐकलं की माणूस कण्हतोय असंच वाटतं." पाकीट दवाखान्यासमोरच्या दुकानात मिळालं. आत राजगिऱ्यापेक्षा थोडे मोठे, फिकट पिवळे दाणे होते. मिस्त्रींनी चिमूटभर तळहातावर घेऊन बघितले आणि म्हणाले, "स्वयंपाक आता मी करणार."

"तुम्ही?"

"भट्टी सांभाळतो मी. शेगडी नाही सांभाळता येणार?"

पहिल्या दिवशी त्यांनी तो न धुताच शिजवला. कडू झाला. तिनं ताटली संपवली आणि काही बोलली नाही. मिस्त्रींनी स्वतः घास घेतला तेव्हा त्यांना कळलं. "अगं, सांगायचंस ना."

"मला वाटलं, असाच असतो."

मग त्यांनी दवाखान्यात जाऊन आहाराच्या बाईंना विचारलं. दाण्यावर कडू थर असतो, तो चोळून धुवायचा. घरातल्या गाळणीतून दाणे निसटत होते, म्हणून बायकोनं अस्तराच्या कापडाचा तुकडा दिला. त्यात किनवा बांधून ते नळाखाली चोळत बसायचे. साबणासारखा फेस यायचा. फेस संपेपर्यंत पाणी बदलायचं, मग कोरड्या कढईत दाणे तडतडेपर्यंत भाजायचे, दुप्पट पाणी घालून मंद आचेवर झाकायचे. शिजला की प्रत्येक दाण्याला पांढरी शेपटी सुटायची. ती दिसली की गॅस बंद, आणि झाकण मुळीच उघडायचं नाही. वाफेला तिचं काम करू द्यायचं. हे त्यांना पावावरून माहीत होतं.

हळूहळू हात बसला. कांदा परतून त्यात गाजर, मटार आणि किनवा. भोपळ्याच्या सूपमध्ये मूठभर किनवा. ढोबळी मिरची कोरून तिच्या पोटात किनवा. सकाळी दुधात शिजवून वर सफरचंदाच्या फोडी. टिक्क्या मात्र तव्यावर मोडायच्या. मिस्त्री वैतागायचे, "धरतच नाही. चिकटच नाही, तर धरणार कशानं?" मग उकडलेला बटाटा कुस्करून घातल्यावर जमल्या. एकदा किनवा दळून त्याचा पाव करायचाही प्रयत्न झाला. तो इतका कडक झाला की बायको म्हणाली, "वाऱ्यानं दार आपटतं ना आपलं, तिथं ठेवू या."

ती हसत होती. गालांवर थोडं मांस आलं होतं. जिना एका दमात चढत होती. शेजारीण म्हणाली, "मिस्त्रींनी हातात झारा घेतला आणि तुम्ही उजळलात की हो." मिस्त्री त्या दिवसांत भट्टीवरच आंघोळ करायचे, कपडे बदलायचे, पिठाचा कणही घरात येऊ द्यायचे नाहीत. दोघांचीही भांडी त्यांनी नवी आणली. आतून ते काहीतरी फेडत होते, पण ते कोणाला बोलून दाखवलं नाही.

कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांचा जुना दोस्त. त्यानं ऐकलं की मिस्त्री पाकिटासाठी दवाखान्यापर्यंत बस बदलून जातात. तो म्हणाला, "मी काय मेलोय का? मागवून देतो." आणि खरंच त्यानं किनव्याची गोणी मागवली. गिऱ्हाईक एकच, तरी दुकानात त्याचा वेगळा डबा ठेवला. मिस्त्री दुकानात आले की तो डबा उघडायचा, पुडी बांधायचा आणि विचारायचा, "वहिनी कशा आहेत?"

वहिनींचं पोट पुन्हा बिघडू लागलं.

आधी वाटलं, पाणी बाधलं असेल. मग वाटलं, हवा बदलली. पण ती पुन्हा झडायला लागली, जिन्याच्या मधल्या वळणावर बसायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. "गहू जातोय पोटात. कुठून जातोय, ते तुम्ही शोधा."

मिस्त्रींनी आधी स्वतःला धरलं. पीठ केसांत राहत असेल. कानात, नखांत राहत असेल. त्यांनी डोकं भादरून घेतलं. तरी उतार पडेना. तेव्हा त्यांनी भट्टी सोडली. मालक म्हणाला, "मिस्त्री, विचार करा. या वयात दुसरीकडे कुठं जाणार?" यांनी फक्त एप्रन घडी करून ठेवला. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती हातातला शर्ट खाली ठेवून म्हणाली, "मला न विचारताच?"

"तुझ्यासाठीच केलं."

"तेच म्हणतेय मी."

आता दिवसभर दोघं घरात. मिस्त्री सकाळपासून किनवा निवडायचे, धुवायचे, भाजायचे. दुसरं काम उरलं नव्हतं. कपाटं धुऊन झाली, भिंती पुसून झाल्या, दळणाचा जुना डबा भंगारात गेला. आणि ती मात्र तशीच. खाल्लं की पोट धरून उठायची. पुढच्या तपासणीतही तोच निकाल.

"घरात गव्हाचा कणसुद्धा नाही," मिस्त्री डॉक्टरांना म्हणाले.

"मग घराबाहेर काही खात असतील," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ जण खातात. लाजून सांगत नाहीत."

ते वाक्य मिस्त्रींच्या डोक्यात जाऊन बसलं. तिचं पावावर किती प्रेम होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? ती गठ्ठा पोचवायला शिंप्याकडे गेली की ते घड्याळ बघायचे. परत आली की जवळ जाऊन उभे राहायचे, वास घ्यायचे. जेवताना समोर बसून ती कसा घास घेते, किती भूक आहे, हे निरखायचे. भूक कमी दिसली की मनात नोंद व्हायची, बाहेर खाऊन आली असणार.

एका दुपारी ती डोळा लागून पडली होती. मिस्त्रींनी तिचा शिवणाचा डबा उघडला. बटणांच्या खाली भट्टीवर पाव गुंडाळतात तसला कागद होता, चार घड्या घातलेला. तो कागद त्यांनी झोपेतही ओळखला असता.

ती उठली तेव्हा ते कागद हातात घेऊन बसले होते.

"हे काय आहे?"

"कागद."

"कुठला?"

"शेजारणीनं त्यात गुंडाळून बटणं दिली होती. जुन्या कोटाची."

"पाव नव्हता त्यात?"

तिनं उशाशी पडलेला शर्ट उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही म्हटलं ना."

पण ते थांबले नाहीत. त्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, भाजी चिरताना विचारलं, पाणी भरताना विचारलं. मी काम सोडलं, डोकं भादरलं, रोज तुझ्यासाठी राबतोय, निदान खरं तरी बोल. ते ओरडत नव्हते. समजुतीच्या स्वरात विचारत होते, आणि तिला तेच जास्त लागत असावं. अखेर एकदा ती ताटलीतला चमचा खाली ठेवून म्हणाली, "खाल्ला. बरं? शिंप्याकडे जाताना घेतला आणि खाल्ला. झालं समाधान?"

मिस्त्रींना खरंच समाधान झालं. छातीवरचा दगड उतरला. कारण सापडलं होतं आणि ते कारण ते स्वतः नव्हते. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं असं. आता सोड." त्या दिवसापासून शर्टांचे गठ्ठे ते स्वतः पोचवू लागले. तिला दाराबाहेर एकटं पाठवणं बंद केलं. तिनंही कुठं जाते म्हटलं नाही. तिचे विनोदही बंद झाले. समोर ठेवलेला किनवा ती मुकाट्यानं खायची आणि मुकाट्यानं पोट धरून उठायची.

न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तिचा पाय सरकला. पडली तीही फार जोरात नाही, नुसता हात टेकला, पण उजवं मनगट मोडलं. हाडं आतून पोकळ झाली होती, डॉक्टर म्हणाले, अशा रोगात होतात. प्लास्टर घालून घरी आली तेव्हा धाकटी बहीण दारात उभीच होती. तिनं एक नजर बहिणीवर टाकली, एक मिस्त्रींवर.

"भाऊजी, ताईला मी घेऊन जाते."

"तिचं पथ्य फार कडक आहे. तुला जमायचं नाही."

"सांगा मला. मी करीन."

मिस्त्रींनी सगळं समजावून सांगितलं. फेस, भाजणं, दुप्पट पाणी, शेपटी. घरात होता तेवढा किनवा बांधून दिला. निघताना मेव्हणीला बाजूला घेऊन म्हणाले, "तिच्यावर लक्ष ठेव. ती चोरून खाते." बायको तोवर रिक्षात बसली होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

मेव्हणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पुडीतला किनवा संपला तेव्हा तिनं तिकडच्याच दुकानातून पाकीट आणलं. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "भाऊजी, ताईला उतार पडलाय. पोट अगदी शांत आहे."

"म्हणजे तू नीट लक्ष ठेवतेस," मिस्त्री म्हणाले.

"मी काही लक्षबिक्ष ठेवत नाही," मेव्हणी म्हणाली आणि फोन ठेवला.

मिस्त्री स्वतःसाठी साखर आणायला कोपऱ्यावर गेले. दुकानात एक बाई रवा घेत होती. किराणावाल्यानं रव्याच्या डब्यातून पत्र्याचं माप भरून काढलं, पुडी बांधली, माप फळीवर आपटलं. मग मिस्त्रींना बघून त्याचा चेहरा फुलला. "या. बऱ्याच दिवसांत आला नाहीत. वहिनींसाठी देऊ ना?" आणि हो-नाही ऐकायच्या आधीच त्यानं शेजारचा किनव्याचा डबा उघडून तेच माप आत खुपसलं. मापाच्या कडेला रव्याची पांढरी रेघ होती. ती दाण्यांत मिसळून गेली.

मिस्त्री फळीला धरून उभे राहिले.

"काय झालं? चक्कर आली का?"

"हे माप," मिस्त्री म्हणाले. "हेच असतं का नेहमी?"

"हेच. का?"

त्यांनी सांगितलं. दुकानदार ऐकत गेला आणि त्याचा हात डब्यातच राहिला. "मला काय कल्पना, मिस्त्री," तो शेवटी म्हणाला. "मी तर तुमच्या सोयीसाठी..." त्यानं माप बाहेर काढून खाली ठेवलं. मिस्त्रींना त्याच्यावर चिडायचं होतं, पण राग कुठं जमेचना. ज्यानं आयुष्यभर पिठात हात घातले, ज्याला कण कुठून कुठं जातो हे कोणी शिकवायला नको होतं, तो माणूस इतके दिवस या फळीसमोर उभा राहून गप्पा मारत होता. मापाकडे त्यानं बघितलं नाही. बघितलं ते बायकोच्या तोंडाकडे.

दुसऱ्या दिवशी किराणावाल्यानं किनव्याच्या डब्याला दोरीनं नवा चमचा बांधला. तो किनवा आता कोणीच घेणार नव्हतं.

मिस्त्री मेव्हणीकडे गेले. बायको गॅलरीत खुर्चीवर बसली होती. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. ती मांडीवरच्या रुमालात सुई घालून बघत होती आणि बोटं सुई सोडून देत होती. मिस्त्री स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. माप, रवा, डबा.

"म्हणजे मीच घालत होतो तुला," ते म्हणाले. "रोज. धुऊन, भाजून."

"हं."

"आणि तू खाल्लं नव्हतंस."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला कशाला सांगता?"

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही थांबावं म्हणून."

खालून भाजीची गाडी गेली. तिनं सुई रुमालात टोचून ठेवली. मग म्हणाली, "दवाखान्यातून आलो त्या दिवशी बसमध्ये माझ्या मनात आलं होतं. दोन लेकरं गेली ती या पावापायी. तुमच्या हातच्या. एकदाच आलं, आणि मी ते तिथंच सोडून दिलं. तुम्हाला कुठं माहीत होतं, म्हटलं. तुम्हाला माझ्या बाबतीत एवढं नाही जमलं."

मिस्त्रींनी स्टूल जवळ ओढलं. म्हणाले, "चल घरी. पाकिटातलाच आणीन. बस बदलून जाईन."

"नको."

"मी बघणार नाही तुझ्याकडे जेवताना."

"बघाल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमचा इलाज नाही. माझाही नाही. तुमच्या हातचं समोर आलं की माझं पोट आधीच आवळतं. तुम्ही परत भट्टीवर जा. घरात बसून काय करणार?"

ती काय बोलतेय, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. भट्टीवर जा म्हणजे पुन्हा पिठात जा. आणि पिठात गेलेला माणूस ज्या घरात राहतो, त्या घरात ती येणार नव्हती, हेच ती सांगत होती.

ते गेले भट्टीवर. त्यांच्या जागी दुसरा मिस्त्री होता. मालकानं जुन्या ओळखीखातर पाव कापून पाकिटं भरायच्या कामावर घेतलं. आठवड्याच्या सुट्टीला ते घासून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, बस बदलत मेव्हणीकडे जायचे आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. ती बरी दिसायची. वजन वाढलं होतं. काजं आता होत नव्हती, भाचीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची, तीही डाव्या हातानं. हवापाण्याच्या चार गोष्टी व्हायच्या. मेव्हणी चहा द्यायची.

एकदा बस लवकर मिळाली आणि मिस्त्री नेहमीपेक्षा आधी पोचले. मेव्हणीनं दार उघडलं. आत टेबलाशी बायको बसली होती आणि भाचीला काहीतरी सांगत होती. भाची खोखो हसत होती. समोर वाफाळलेला किनवा होता, त्यात गाजर, मटार. बायकोनं डाव्या हातात चमचा उचलला आणि दाराकडे बघितलं. मग चमचा ताटलीत ठेवून ताटलीवर झाकण घातलं.

"तुम्ही बसा ना, भाऊजी," मेव्हणी घाईनं म्हणाली. "ताई नेहमी तुम्ही यायच्या आधीच जेवून घेते, आज जरा उशीर झाला."

मिस्त्री म्हणाले की त्यांना खाली थोडं काम आहे. ते जिना उतरून रस्त्यावर आले आणि तिचं जेवण होईल इतका वेळ समोरच्या फुटपाथवर उभे राहिले.